पेंढ्याची बाई कोणी पेटवली

धामणगाव बढे,
१९ जानेवारी १९१३

धामणगावच्या भावांनो आणि बहिणींनो,

यंदाच्या मोहरमात आपल्या गावात पिराची सवारी उठली नाही. ज्या सवारीच्या काठीला उजवा हात गफ्फारचाचांच्या घरचा आणि डावा हात कडूबा पाटलांच्या घरचा लागल्याशिवाय ती जागची हलत नाही, जिच्या वाटेवर आपल्या बाया घागरी रित्या करतात, ती खोलीत उभीच राहिली. सरकारकडून परवाना मिळाला नाही. झुंबरबाईंचा नातवाचा नवस फिटायचा राहिला. हे सारे तुमच्या मनात जळते आहे, आणि जळायलाच हवे.

कारणही तुम्हाला तोंडपाठ आहे. गफ्फारचाचांचा शकूर सर्कशीबरोबर रूसच्या मुलखात गेला, तिथल्या शिमग्यात त्याने अंमलदाराच्या नावाची पेंढ्याची बाई जाळली, आणि त्याची झळ आपल्याला लागली. म्हणून तुम्ही चाचांच्या दारावरून मान फिरवून जाता. ऐन थंडीत त्यांच्याकडे एका घरचाही कापूस पिंजायला आला नाही.

तुमचा राग खरा आहे. माणूस तुम्ही चुकीचा धरला आहे.

शकूरची पत्रे हरवली, असे मी कचेरीत साहेबापुढे सांगितले होते. ती हरवलेली नाहीत. ती आणि त्यांना मी दिलेल्या उत्तरांच्या नकला इथे ओळीने देतो. कडूबा पाटलांनी ही सारी चावडीवर मोठ्याने वाचावीत. मला राखायला म्हणून एकही ओळ गाळू नये.

*

व्लादिवोस्तोक,
२२ जानेवारी १९१२

दोस्त निवृत्तीले शकूरचा सलाम अन् रामराम.

मी खुशाल आहे. इथला दर्या गोठते, हे तुले खरं वाटणार नाही. खाडीवरचा बर्फ इतका जाड, की त्याच्यावरून घोड्याच्या गाड्या जातात. आताच इथं पाण्याचा सण झाला. बर्फ करवतीनं कापून क्रुसाच्या आकाराचा मोठा खड्डा केला. देवळातून मिरवणूक निघाली. पुढं झेंडे, मंग देवाच्या तसबिरी, मंग जरीचे झगे घातलेले पाद्री, मंग पलटण अन् तिच्यामागं सारं शहर. वरून पाह्यलं तं धुतल्या चादरीवरून मुंग्यायची रांग चालल्यासारखं दिसे. बड्या पाद्र्यानं क्रूस पाण्यात बुडवला अन् तोफा धडाडल्या. मंग बाया, बुढे, पलटणीतले सोजीर, सारे किटल्या अन् बाटल्या घेऊन त्या पाण्यावर तुटून पडले. काही गडी तं अंगावरचं काढून आत उतरले. माह्या अंगावर दोन गोधड्या, तरी मले हुडहुडी भरली. आपल्या सवारीपुढं बाया पाणी ओततात ते याद आलं.

अब्बाले सांगजो, घोडे चांगले आहेत अन् मालक अर्जुनरावचा माह्यावर जीव आहे. अम्माले सांगजो, खाण्यापिण्याची आबाळ नाही. येत्या मोहरमात सवारीचा उजवा हात मीच धरीन. अब्बाच्या खांद्याले आता ते वजन झेपत नाही.

तुहा
शकूर

*

धामणगाव बढे,
१० मार्च १९१२

प्रिय शकूर,

तुझे पत्र बाजाराच्या दिवशी आले. टपालवाल्याच्या हातातून घेऊन मी ते तिथेच वडाच्या पारावर वाचले आणि बघता बघता निम्मा बाजार गोळा झाला. पाणी गोठते यावर कोणाचा विश्वास बसेना. शालूबाई म्हणाली, "मंग म्हशी पाणी पितात कुठी?" याचे उत्तर तू लिही. चाचा मागे उभे होते. गर्दी पांगल्यावर म्हणाले, "घोडे चांगले आहेत ते पुन्हा वाच." चाचींना मी घरी जाऊन वाचून दाखवले.

इकडे डिसेंबरात बादशहाचा दिल्ली दरबार झाला. दिल्लीत दरबार आणि दिवे धामणगावात. तेल चावडीवरून वाटले, वाती घरच्या. कोणाच्या दारात दिवा नाही हे पाहायला माणूस फिरत होता. तो दिसला की बाया वात पुढे सारत, तो वळला की फुंकर घालत, कारण उरलेले तेल भाजीला होते. याला सण म्हणायचे? ही वेठ आहे, शकूर. हुकमाने बैल चालतो, माणूस नाचत नाही.

मला सांग, तिथले लोक सण हुकमाने करतात की मनाने? अगदी बारकाईने लिही. मला त्यावर बोलायचे आहे.

तुझा
निवृत्ती

*

व्लादिवोस्तोक,
२४ मे १९१२

दोस्त निवृत्तीले सलाम.

शालूबाईले सांगजो, इथं म्हशीच नाहीत, म्हणून तो प्रश्नच मिटला.

तू इचारलं ते दोन्ही परकारचे सण इथं आहेत. परवाच इथल्या बादशहाचा वाढदिवस झाला. शिपाई दुकानोदुकानी झेंडे पाहत फिरला. रहीमुल्ला म्हणून एक तातार चहावाला माह्या ओळखीचा आहे. त्यानं झेंडा उलटा लावला. शिपाई ओरडला, तं रहीमुल्लानं हात हलवून दाखवलं, वाऱ्यानं फिरला साहेब. मंग बँड वाजला, शाळेतले पोरं गायले, अन् पावसाची झड आली. दिवे इझले. ते कोणी पुन्हा लावले नाहीत.

पण थंडी सरतानाचा त्यायचा शिमगा तू पाहाले पायजे होता. आठवडाभर सारं गाव लोण्यात बुडवलेले धिरडे खाते. घोड्यायले घुंगरं बांधून बिनचाकाच्या गाड्या बर्फावरून पळवतात. बर्फाचा किल्ला बांधतात अन् घोडेस्वार तो फोडतात. एक घोडा पाय घसरून पडला तं माह्या तोंडून आवाज निंघाला. शेवटच्या दिवशी पेंढ्याची बाई. तिले जुना घागरा, डोक्याले फडकं, सारं लेववतात. गाणे म्हणत गावभर फिरवतात अन् जाळतात. ती म्हणजे थंडी, तिले वाटेले लावतात. कोणाचा हुकूम नाही, कोणी शिपाई नाही, दुकानं आपल्या मनानं बंद. तिले पेटवलं तवा समोरच्या घराच्या साऱ्या काचा लाल झाल्या. मी ते पाहतच राह्यलो.

अब्बा-अम्माले सलाम.

तुहा
शकूर

*

धामणगाव बढे,
२ जुलै १९१२

प्रिय शकूर,

तुझ्या पत्राने मला झोप लागू दिलेली नाही. गणेशोत्सवात मोताळ्याला माझे व्याख्यान ठरले आहे. विषय, 'सण कोणाचा?' एकीकडे शिपायाने लावायला लावलेले दिवे, दुसरीकडे लोकांनी आपण होऊन पेटवलेली पेंढ्याची बाई. याहून मोठा दाखला मला कोणत्या ग्रंथात सापडणार आहे?

पण तू मुख्य गोष्ट लिहिली नाहीस. ती पेटवली कोणी? तिला एखाद्या जुलमी अंमलदाराचे नाव दिले होते का? तू त्या गर्दीत होतास ना? मशाल हातात घेतलीस का? आपल्या धामणगावचा एक माणूस तिथे मशाल घेऊन उभा होता, एवढे मला सांगता आले तर सभा उठून उभी राहील. तुझ्या उत्तराची मी वाट पाहतो. चाचांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "त्याले लिहा, आगीपासून दूर राह्य." बापाचे काळीज असेच असते.

लवकर लिही.

निवृत्ती

*

(इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पत्र जायला दीड महिना, यायला दीड महिना. व्याख्यान सप्टेंबरच्या मध्यावर होते. पुढचे पत्र मला ऑक्टोबरात मिळाले.)

*

व्लादिवोस्तोक,
२० ऑगस्ट १९१२

निवृत्ती,

तू इचारलं, मशाल हाती घेतली का. मी तुले खोटं लिहू शकत होतो. चार दिवस कागद समोर ठेवून बसलो, पण आता खोट्याचा कंटाळा आला.

मी गर्दीत नव्हतो, गड्या. मी कोणत्याच सणात नव्हतो. मागच्या डिसेंबरात खेळ चालू असताना मी घोड्यावरून पडलो अन् घोडा माह्या पायावर पडला. उजव्या पायाचं हाड मांडीतून तुटलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. सर्कस जपानाले निंघून गेली. अर्जुनराव मालकानं रहीमुल्लाच्या माडीवर मले ठेवलं अन् येताना नेतो म्हणून सांगितलं. तवापासून मी इथंच आहे. रस्त्यावर खिडकी आहे, तिच्यातून खाडी दिसते. तुले जे लिहिलं ते सारं या खिडकीतून पाह्यलं. रहीमुल्लाची अन् माही बोली एक नाही, पण तो सकाळी मले पाठीवर घेऊन खाली अंगणात नेते अन् संध्याकाळी वर आणते. आता कुबडीवर चार पावलं चालतो.

अब्बाले कसं लिहू? त्यायनं जाऊ नको म्हटलं होतं. मी म्हटलं, घोड्यावरून पडणारा दुसरा कोणी, मी नाही. म्हणून सण लिहीत गेलो. सण लिहिला की माहं लिहायचं राहून जाते.

त्यायच्या शिमग्याच्या शेवटच्या दिवशी एक रीत आहे, ती मी तुले लिहिली नाही. त्या दिवशी सारे एकमेकायजवळ जाऊन माफी मांगतात. खालच्या मजल्यावर कपडे धुणारी एक म्हातारी आहे. ती जिना चढून माह्यासारख्या परक्या माणसाजवळ आली, वाकली अन् काही बोलली. रहीमुल्लानं खुणेनं सांगितलं, ती माफी मांगते. तिनं माहं काय केलं होतं? काहीच नाही. अन् मी अब्बाशी खोटं बोलून तिथं पडलेला. मले तिच्याकडं पाहवलं नाही.

पेंढ्याच्या बाईले नाव नसते. ती नुसती थंडी असते. हे सभेत बरोबर सांगजो. अन् माह्या पायाचं अब्बाले तू सांग. पण हळू सांगजो, अम्मा जवळ असताना.

शकूर

*

धामणगाव बढे,
११ ऑक्टोबर १९१२

प्रिय शकूर,

पत्र पोचले. वाचून फार वाईट वाटले. धीर सोडू नकोस. चाचांना योग्य वेळ पाहून सांगतो. सध्या ते कामात आहेत. व्याख्यान बरे झाले. इकडे सर्व ठीक आहे. सवारीची तयारी सुरू होईल. प्रकृतीस जप.

निवृत्ती

*

व्लादिवोस्तोक,
२ डिसेंबर १९१२

निवृत्ती,

तुहं पत्र इतकं लहान काऊन? तू तं पानंच्या पानं लिहिणारा. मले वाटलं, माह्या पायाचं ऐकून तुले लिहवलं नसेल. मनाले लावून घेऊ नको.

खुशीची बातमी आहे. अर्जुनराव मालक बोलल्यापरमानं परत आला. जानेवारीत त्याच्याबरोबर बोटीनं निंघतो. मार्चात कलकत्त्याले उतरीन, तिथून आगगाडीनं मलकापूर. स्टेशनावर बैलगाडी घेऊन तूच ये. अब्बाले पायाचं तू सांगितलंच असशीन, म्हणून आता मले त्यायच्या पुढं उभं राहाचा धीर आला.

या सालचा मोहरम हुकला. उजवा हात आणखी एक साल अब्बालेच धरा लागणार. कत्तलच्या राती, सवारी निंघते तवा, मी खिडकीशी बसीन अन् म्हणीन, आता सवारी वेशीपाशी आली असंन, आता कडूबाच्या दाराशी. माह्या वाटचं पाणी खैरुन्निसाबाईच्या हातानं ओता म्हणा, म्हणजे माह्या अम्माच्या. तिले तिच्या नावानं हाक मारली की ती लाजते.

तुहा
शकूर

*

हे शेवटचे पत्र या आठवड्यात माझ्या हाती पडले. शकूर आता बोटीवर आहे. माझे कोणतेही पत्र त्याला गाठू शकत नाही.

आता मधले ऐका.

मोताळ्याच्या त्या सभेला तुमच्यापैकी कित्येक जण गाड्या जुंपून आले होते. सुरुवातीला मी पत्रात होते तेवढेच सांगितले. बादशहाचे विझलेले दिवे सांगितले, तेव्हा तुम्ही हसलात. पेंढ्याची बाई सांगितली, तेव्हा तुम्ही गप्प झालात. ती शांतता मला पुरली नाही. मला तुम्ही उठून उभे राहायला हवे होते. मी शकूरला प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर अजून समुद्रात होते. ते उत्तर मीच दिले. मी हातातला कागद उंच धरला आणि म्हणालो, त्या पेंढ्याच्या बाईला लोकांनी एका जुलमी अंमलदाराचे नाव दिले होते, आणि पहिली मशाल लावणारा हात आपल्या धामणगावच्या शकूरचा होता. तुम्ही उठलात. टाळ्यांनी मांडव हलला. तो कागद शकूरचा नव्हता. ती माझ्या भाषणाची टिपणे होती.

परतताना गाडीत कडूबा पाटलांनी मला विचारले, "निवृत्ती, हे पत्रात होतं?" मी म्हणालो, "हो."

सभेत सरकारचा माणूस होता. पंधरवड्याने कचेरीतून मला आणि चाचांना बोलावणे आले. साहेबाने मला विचारले, हे तुझे शब्द की त्या मुलाचे? माझे म्हटले असते तर अंमलदाराविरुद्ध लोकांना चिथावल्याचा राजद्रोह माझ्या गळ्यात येत होता. मी म्हणालो, पत्रात होते तेच बोललो, आणि पत्र हरवले. व्यासपीठावर आग ओतणारा मी, बंद खोलीत एका टेबलापुढे माझा आवाज इतका खाली गेला की लिहून घेणाऱ्याने दोनदा विचारले. चाचा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते साहेबाला एवढेच म्हणाले, "माहा पोरगा असा नाही. पण हा निवृत्ती खोटं बोलणार नाही."

नंतर शकूरचे खरे पत्र आले. त्या एका पत्राने सारे निस्तरले असते. मोडक्या पायाने माडीवर पडलेला माणूस मशाल कशी लावील? ते पत्र मी पेटीत तळाशी ठेवले. चाचांना पायाचे सांगायचे म्हणजे पत्र आले हे सांगावे लागले असते, म्हणून तेही सांगितले नाही. योग्य वेळ पाहतो, असे मित्राला लिहिले. डिसेंबरात त्याच कारणावरून सवारीचा परवाना नाकारला गेला. तुम्ही चाचांना दोष दिलात, तेव्हा मी तुमच्यात उभा होतो. झुंबरबाई त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "तुह्या पोरानं आमचा देव कोंडला," तेही मी ऐकले आणि पायाखालची माती पाहत राहिलो. कुठे अन्याय दिसला की उभे राहा, असे मी तुम्हाला किती वर्षे सांगत आलो आहे.

काल सकाळी मी चाचांच्या घरी गेलो. चाचींना जवळ बसवले आणि सगळी पत्रे वाचली. चाचांची पिंजण भिंतीला टेकवलेली होती, तिच्या तारेवर कापसाचा एक तंतूही नव्हता. मी शेवटचा कागद खाली ठेवला. मग चाचींनी विचारले, "त्याले भाकर कोण करून देते तिथं?" चाचा म्हणाले, "पोराचा पाय गेला, अन् मी चार महिने त्याले शिव्या देऊन राह्यलो."

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे मले एकट्याले काऊन सांगतो?" ते म्हणाले. "सभेत बोलला, तं सभेत सांग."

त्यांच्या घरून निघून मी तडक कचेरीत गेलो आणि सगळे खरे सांगितले. पत्रे पुढे ठेवली. कारकून हसला. म्हणाला, दोस्ताला वाचवायला आता नवी पत्रे लिहून आणलीत? त्याच्याकडूनच कळले की शकूरचे नाव बंदरावर कळवले गेले आहे. तो कलकत्त्याला कुबडीवर उतरेल आणि जेटीवरच त्याच्या खांद्यावर हात पडेल. का, हे त्याला कळणारही नाही. आपण सणांविषयी पत्रे लिहिली, एवढेच त्याला ठाऊक आहे. आणि मलकापूरच्या स्टेशनावर चाचा-चाची रोज गाड्या पाहत बसतील.

माझ्या एकट्याच्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही. ती मीच घालवली आहे. पण तुम्ही तिथे होता. मी कागदाकडे न पाहता बोलत होतो, हे तुम्ही पाहिले. कडूबा पाटलांना तेव्हाच शंका आली होती आणि मी गाडीत खोटेच 'हो' म्हणालो, ते गाडीतल्या बाकीच्यांनीही ऐकले. हे शपथेवर सांगितले तर माझे काय होईल, ते मला माहीत आहे. त्याची काळजी तुम्ही करू नये. कचेरीची भीती तुम्हाला वाटेल, तीही मला माहीत आहे, कारण त्याच भीतीने मी तिथे उभा राहून खोटे बोललो.

सोमवारी, २७ तारखेला, उजाडताना वेशीवर या. मोताळ्याच्या सभेत जो जो होता त्याने यावे, कडूबा पाटलांनी पुढे चालावे. माझ्याबरोबर कचेरीत चला आणि साहेबापुढे माझ्याविरुद्ध साक्ष द्या, की ते शब्द शकूरचे नव्हते, निवृत्तीचे होते.